हूम कसा उभा राहतो

माझा धंदा डोळ्यांचा आहे. सोलापुरात नवी पेठेच्या एका बोळात आमचं चष्म्याचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. दिवसभर लोकांच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवायची, काचा बदलायच्या आणि 'आधीचं बरं की हे बरं' विचारत राहायचं. त्यामुळे वाचकांच्या अनुभवांच्या या सदरात कुणी 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं' असं लिहिलं, की मी तिथेच वाचायचं थांबवतो. डोळ्यांना काय काय दिसतं ते मला विचारा...

दुकानात मी एक युक्ती करतो. शाळेतल्या पोरींना मैत्रिणीसारखा चष्मा हवा असतो, म्हणून डोकं दुखतं असं सांगतात. मी त्यांना शून्य नंबरची, म्हणजे साधी काच घालतो. "आता कसं दिसतंय?" "आता एकदम क्लिअर, काका." लायसन्सच्या सर्टिफिकेटसाठी येणारे तर तक्ता पाठ करून येतात. मी तक्त्यामागचा दिवा बंद करतो आणि म्हणतो, शेवटची ओळ वाचा. ते वाचतातही. सांगायचं काय, तर न दिसणारं दिसतंय म्हणणारी माणसं पकडणं हे माझं रोजचं काम आहे आणि त्यात मी सहसा फसत नाही. भूत, चकवा, करणी — यातल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता. आजही बसला आहे असं नाही.

शिवाय माझ्या अनुभवात मला काही दिसलेलंच नाही. तीच तर तक्रार आहे.

दत्ताअण्णा माझा मावसभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मोडनिंबला एका शाळेत चित्रकला शिकवतो. वीसेक वर्षांपूर्वी त्याने शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर आपल्या भागातले प्राणी-पक्षी रंगवले. काळवीट, लांडगा, खोकड आणि मधोमध माळढोक. माळढोक म्हणजे माळावरचा तो भलामोठा, जवळजवळ माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच पक्षी. आमच्याकडे पूर्वी बराच दिसायचा म्हणतात, आता दिसला तर पेपरात येतं. अण्णाने तो पुस्तकातल्या फोटोवरून काढला होता.

भिंत पूर्ण झाली त्याच आठवड्यात एक धनगर पालक मुलीचा दाखला न्यायला शाळेत आला. भिंतीपुढे थांबला आणि म्हणाला, "मास्तर, बगळा झ्याक काढलाय."

"बगळा नाही, माळढोक आहे तो," अण्णा म्हणाला.

"म्हंजी हूम?" माळढोकाचा नर घुमतो त्यावरून जुनी माणसं त्याला हूमच म्हणतात. "न्हाय की. हूम असा उभा न्हाय राहत."

"मग कसा राहतो?"

त्या माणसाने स्वतः उभं राहून दाखवायचा प्रयत्न केला. छाती काढली, मान ताणली, मग लाजला. "त्ये बघावं लागतंय, मास्तर," एवढं म्हणून दाखला घेऊन गेला.

अण्णा तेव्हापासून बेचैन. भिंत दर दोन वर्षांनी रंगवायची वेळ यायची, बाकीचे सगळे प्राणी उजळले जायचे आणि माळढोकावर तो ब्रश लावायचा नाही. "चुकीचं आहे हे माहीत असून पुन्हा गिरवू?" म्हणायचा. आम्ही त्याची टिंगल करायचो. पोरांना त्यातलं काय कळतं, म्हणायचो.

आता जे सांगायला मला जड जातं ते सांगतो. अण्णाचा नंबर मीच काढायचो. तो यायचा, मी तपासायचो, चहा मागवायचो, घरच्या गप्पा व्हायच्या, आणि तो एसटीने परत जायचा. 'एकदा डॉक्टरकडे जाऊन डोळ्यांचा दाब बघून घे' हे मी प्रत्येक चाळिशीच्या गिऱ्हाइकाला सांगतो. अण्णाला कधी सांगितलं नाही. घरचाच माणूस, राहून गेलं.

गेल्या वर्षी थंडी सरताना तो दुकानात आला आणि समोरच्या स्टुलावर धडकला. चांगलं लाल स्टूल, मधोमध ठेवलेलं. मी त्याला खुर्चीत बसवलं. तक्ता त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग मी त्याच्या कानाशी हात हलवला, तर त्याला पत्ताच नाही.

काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, आणि तीही किती टिकेल सांगता येत नाही. कडा सगळ्या गेल्या होत्या. मधलं तेवढं शिल्लक होतं, नळीतून बघितल्यासारखं. अण्णाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या दंडाला धरून तो म्हणाला, "सुन्या, नळी बंद व्हायच्या आत मला एकदा हूम दाखव. भिंत दुरुस्त करायची आहे."

मला पक्षी बघायचा नाद आहे, रविवारी दुर्बीण घेऊन भटकतो, म्हणून हे माझ्याकडे मागितलं. दुसरं कुणी असतं तर मी 'बघू' म्हणून टाळलं असतं. अण्णाला 'दाखवतो' म्हणालो.

उन्हाळा संपल्यापासून आम्ही सुरू केलं. शनिवारी संध्याकाळी तो सोलापूरला यायचा, आमच्याकडे जेवून झोपायचा, आणि रविवारी उजाडता उजाडता आम्ही मोटारसायकलवर बार्शी रोडने निघायचो. नान्नजच्या बाजूला, पण माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेर एका गावाचं गायरान आहे. गावाचं नाव देत नाही, लोक उगाच गाड्या घालतील. तिथे मी अण्णाला काय काय दाखवलं! काळविटांचा कळप वीस पावलांवरून गेला. धाविक पक्ष्याची जोडी ढेकळांतून पळताना दिसली. एकदा तर ओढ्यातून लांडगा वर आला, आमच्याकडे बघितलं आणि आम्ही कामाचे नाही असं ठरवून निघून गेला. मी दुर्बीण खाली घ्यायलाही विसरलो. अण्णा म्हणाला, "छान आहे. हूम कधी?"

अकरा रविवार झाले. त्या भागात गेल्या काही वर्षांत कुणी खात्रीचा माळढोक बघितलेला नाही हे मला माहीत होतं. नळी बारीक होत चालली आहे हेही दिसत होतं. आधी तो माझ्या शेजारून चालायचा, मग खांद्यावर हात ठेवून मागून चालायला लागला.

गणपती बसायच्या आधीचा रविवार. रात्री भुरभुर पडून गेली होती, सकाळी स्वच्छ ऊन. साडेनऊ झाले असतील. चालता चालता अण्णाचा पाय एका चरात गेला आणि तो आडवा पडला. फार लागलं नाही, पण चष्म्याची काच तडकली. मी उठवून बांधावर बसवलं. मोज्यांत रुतलेली कुसळं तो एकेक करून हाताने चाचपत काढत होता. मग म्हणाला, "सुन्या, पुढच्या रविवारी नको. आता बास. बगळा तर बगळा."

मला ते ऐकवेना. आणि मी खोटं बोललो.

"अण्णा, हलू नको," मी कुजबुजलो. "तो बघ... हिवराचं झाड दिसतंय ना समोर? त्याच्या बुंध्यापासून चार बोटं उजवीकडे. आहे. अरे, आहे!"

तिथे गवत होतं, दुसरं काही नव्हतं. त्याच्यासाठी आणलेली जुनी दुर्बीण त्याच्या हातात दिली. वाटलं, नळीतून काहीतरी तपकिरी हलताना दिसेल, एखादं झुडूप, तेवढ्यावर समाधान होईल. इतकी वर्षं साध्या काचेवर लोक खूश होताना बघितलेत.

अण्णा दुर्बीण लावून बसला. दुर्बीण हळूहळू फिरवत राहिला. मग नुसतं "हं" म्हणाला. मग म्हणाला, "असा उभा राहतो होय..."

मला बरं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी माझ्यातला दुकानदार जागा झाला. सवय आहे, काय करणार. मी मुद्दाम चुकीचं विचारलं, "पाठीवरचा पांढरा पट्टा दिसतोय?"

"पाठीवर कुठला पांढरा? पाठ तपकिरी आहे. मान पांढरी आहे. डोक्यावर काळी टोपी." हे पुस्तकातलं झालं, वीस वर्षांपूर्वी रंगवलंच होतं त्याने. पण तो पुढे बोलत राहिला. "अंग आडवं, सपाट. आणि चोच अशी जरा वर... कुणी हाक मारलीय आणि ओ द्यायची की नाही ते ठरवतोय असा. डावा पंख लोंबतोय रे त्याचा. दुखावलाय बहुतेक."

तेवढ्यात आमच्या मागून मेंढरांचा कळप आला. बरोबर एक धनगर बाई, पन्नाशीच्या पुढची, काठी आणि एक पिवळट कुत्रं. ती बांधापर्यंत पोचली तेव्हा अण्णाचं बोलणं संपलेलं होतं. तिने ते ऐकलेलं नव्हतं, याची मी शपथ घेतो. मी उठून तिच्याकडे गेलो, अण्णाकडे पाठ करून डोळा मारला आणि मोठ्याने म्हणालो, "मावशी, तिकडे तो हूमच आहे ना?"

एवढंच हवं होतं की तिने 'व्हय' म्हणावं.

तिने कपाळावर हात धरून बघितलं. "व्हय, हूमच हाय की. चार रोज झालं हितंच फिरतंय. डावा पंख लोंबाळतोय न्हवं त्येचा."

मी माझी दुर्बीण लावली. गवत. हिवर. पलीकडे विजेचे खांब. काचा पुसल्या, पुन्हा लावली. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. गवत.

"मावशी, नेमका कुठे?"

"त्यो काय. झाडाच्या डाव्या अंगाला. तुमास्नी दिसंना व्हय?" तिला माझी कीव आल्यासारखी वाटली, आणि मला तिचा राग आला.

मग मी दुकानात करतो तशी परीक्षा सुरू केली. तिला वीस-पंचवीस पावलं बाजूला नेलं आणि काठीने दाखवायला सांगितलं. काठी जिकडे रोखली तिथली खूण लक्षात ठेवली. मग अण्णाकडे येऊन त्यालाही हात करायला लावला. दोन्ही रेषा एका जागी मिळत होत्या. थोड्या वेळाने पुन्हा केलं. जागा सरकली होती, पण दोघांची मिळून एकाच ठिकाणी. मी विचारलं, काय करतोय? अण्णा म्हणाला, "नाकतोडा खाल्ला." तिकडे जाऊन बाईला विचारलं. "किडं टिपतंय," ती म्हणाली, आणि वर "दादा, तुमी चष्मा लावा की," असा सल्ला दिला.

मी म्हणालो, जातोच तिकडे. अण्णा म्हणाला, "नको, उडून जाईल." पण मी निघालो होतो. भीतीपेक्षा चीड जास्त होती. मागून दोघं सांगत होते, "उजवीकडे... आणखी उजवीकडे... हळू!" उडालं काहीच नाही. मग दोघं एकदमच ओरडले, "थांब!" मी थांबलो. सगळीकडे फिरून बघितलं. वाऱ्याने गवत हलत होतं.

मेंढरं माझ्यामागून चरत चरत आली होती. शे-दीडशे असतील. एकमेकांना चिकटून, माना खाली घालून. माझ्याजवळ आल्यावर ती दोन बाजूंना फुटली, ते साहजिक आहे, मी माणूस उभा होतो. पण माझ्या उजव्या बाजूला हातभर अंतरावर तशीच आणखी एक जागा त्यांनी सोडली. एखादं घोंगडं अंथरावं एवढी. कळप तिला वळसा घालून पुढे मिळत होता. एकही मेंढी तिच्यात पाय टाकत नव्हती. आणि मग ती मोकळी जागा हलली. मेंढरांमधून सावकाश पुढे सरकत गेली, मेंढरं तिच्यासाठी वाट करत गेली, तिच्या मागे पुन्हा मिळत गेली. कुत्रं बसून तिकडे बघत होतं, मान हळूहळू वळवत. कळपाच्या टोकाशी ती जागा पोचली आणि संपली.

"ग्येला वड्याकडं," बाईने लांबून सांगितलं.

ओढ्याकडे मी धावत गेलो. मुरमाड जमीन, ठसा उठण्यासारखी नाही. पीस वगैरे काही नाही.

परत येताना अण्णा गाडीवर मागे बसला होता. त्याचं बोट सबंध रस्ताभर माझ्या पाठीवर फिरत होतं. एक आडवी रेघ, मग वर जाणारी, मग छोटीशी तिरकी. पुसून पुन्हा. मी बार्शी रोडला एका हॉटेलापाशी गाडी थांबवली, चहा सांगितला आणि कबूल केलं. म्हणालो, "अण्णा, मी खोटं बोललो होतो. मला काही दिसलं नव्हतं."

"माहीत आहे," अण्णा बशीत चहा ओतत म्हणाला. "तू चार बोटं उजवीकडे म्हणालास. तिथे काहीच नव्हतं. शोधता शोधता नळी डावीकडे गेली, तर हा उभा."

नंतर मी शांत बसलो नाही. अण्णाच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, नजर कमी होत जाते तेव्हा काही लोकांना नसलेल्या गोष्टी दिसतात, मेंदू रिकामी जागा भरतो, घाबरायचं कारण नाही. बरोबर आहे. मग मी तपासणीचा छोटा तक्ता घेऊन पुन्हा त्या माळावर गेलो आणि धनगर मावशीचे डोळे तपासले. तिला अक्षरं येत नसतील म्हणून आकडे आणि चित्रांचा तक्ता नेला होता. लांबची नजर माझ्यापेक्षा चांगली निघाली. दिवा बंद करण्यासारखी युक्तीही केली, कोरा कागद धरून विचारलं. "ह्येच्यावर काय बी न्हाय," ती म्हणाली, "माझी चेष्टा करताय व्हय?" मग ती गंभीर झाली आणि तिनेच मला विचारलं, "तुमास्नी खरंच दिसला न्हाय? एवढा शेजारी हुता की."

शेवटी माझे डोळे दुसऱ्याकडून तपासून घेतले. कडांची नजर, मधली नजर, दाब, सगळं. रिपोर्ट नॉर्मल आला. त्या कागदाकडे बघून वाईट वाटलेला मी पहिलाच असेन. बायको म्हणते, सोडून दे आता, अण्णाभावजींना हवं ते मिळालं ना. मिळालं, मान्य आहे. पण माझी झोप उडाली. दुकानात काच बदलून 'आता दिसतंय का' विचारताना माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला. मेंढरांच्या मेंदूत कुठली रिकामी जागा भरायची होती?

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर अण्णाचा फोन आला. "भिंत झाली. येऊन बघ."

मी दुपारच्या गाडीने मोडनिंबला गेलो. शाळा सुटली होती. अण्णा भिंतीपाशी स्टूल टाकून बसला होता, नाक रंगाला लागेल इतका जवळ. नळी आता एवढीशी राहिली होती, की एका वेळी तळहाताएवढंच दिसायचं. तसं तळहात तळहात करत त्याने महिनाभर ते चित्र काढलं होतं.

मी माळढोक बघितलेला नाही, फोटो पुष्कळ बघितलेत. हा तसा नव्हता. हा उभा होता. चोच जराशी वर, डावा पंख लोंबता, मागे मेंढरं दोन बाजूंना झालेली. शाळेचा शिपाई सांगत होता की सकाळी एक म्हातारा धनगर येऊन भिंतीपुढे बराच वेळ थांबला आणि अण्णाच्या पाया पडून गेला. अण्णा ते ऐकून नुसता हसला. त्याचं काम झालं होतं. त्याला इतका निवांत मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

मग मला पक्ष्याच्या शेजारचा माणूस दिसला. निळी टोपी, छातीवर दुर्बीण, चौकटीचा शर्ट. माझाच शर्ट. पक्षी त्याच्या उजव्या हाताला अगदी खेटून उभा होता, आणि माणसाचं तोंड दुसरीकडे.

"अण्णा, मी असा तिकडेच बघत होतो?"

"आम्ही थांब म्हणालो तेव्हा? हो. सगळीकडे बघितलंस, तेवढं सोडून."

"इतका जवळ होता?"

अण्णाने चाचपत माझा उजवा हात धरला आणि भिंतीवर पक्ष्याच्या मानेवर ठेवला. रंग अजून चिकट होता. "इथे," तो म्हणाला. "लागत होता की तुझ्या हाताला."

त्या दिवशी हाताला काय लागलं होतं हे मी तेव्हापासून आठवतो आहे. लागलं होतं. मऊ, हलकं, गवताचे तुरे लागावेत तसं, पार मनगटापर्यंत. मी त्यानंतर दोनदा त्या माळावर जाऊन उभा राहून बघितलं. तिथलं गवत गुडघ्याच्या वर कुठेच येत नाही. काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच सांगू शकतो, की मी गवत समजून हात झटकला होता.